शून्य नंबरची खुर्ची

सुजाता,

कूलरची टाकी आज मीच भरली. खालून बादल्या वर आणताना मनातल्या मनात तुला चार शिव्या दिल्या, कारण हे काम तुझं होतं आणि तू ते कधी कोणाला करू दिलं नाहीस. वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या, खोलीभर तो गार वास पसरला आणि मला वाटलं, आता जिन्यावर तुझ्या चपला वाजणार आणि तू दारातूनच ओरडणार, "बाप्पा, किती ऊन वं रेखे!" चपला वाजल्या नाहीत. मी थोडा वेळ रडले, मग बादली जागेवर ठेवली.

सोमवारपासून आपल्या कॉम्प्युटर क्लासची उन्हाळी बॅच सुरू होते आहे. तुझ्याशिवायची पहिली. ॲरेचा पहिला तास कायम तू घ्यायचीस, तो आता माझ्या गळ्यात आला आहे. ते एक वेळ निभेल. खरी अडचण वेगळी आहे. दाराजवळच्या शून्य नंबरच्या कॉम्प्युटरवर, जिथे गेलं वर्षभर उभं राहणं जमेना म्हणून तू बसत होतीस, तिथे जुन्या पोरांनी खोळ चढवून ठेवली आहे. मॉनिटरवर रोज कोणीतरी मोगऱ्याचं फूल ठेवतं. "मॅडमची जागा तशीच राहू द्या," असं सगळ्यांचं म्हणणं आहे. माझ्या नवऱ्याचं तेच, सासूबाईंचं तेच. आणि बाकीचे सगळे कॉम्प्युटर भरले आहेत.

काल अल्लीपूरची एक पोरगी आईला घेऊन आली होती. बारावीची परीक्षा दिलेली, अश्विनी नाव. तिला प्रोग्रामिंगच शिकायचं होतं, टायपिंग नको म्हणाली. आईच्या डोक्यावरचा पदर घामाने चिकटला होता. मी म्हटलं, "जागा भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात या." आई म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हिचं लगन लावून देईन जी हिचा बाप." मी तरीही तेच सांगितलं. त्या जिना उतरून गेल्या आणि मी वळून पाहिलं, तर तुझा खोळ घातलेला कॉम्प्युटर माझ्याकडेच बघत होता. तेव्हापासून चैन नाही. तुझ्याशी भांडल्याशिवाय मी आजवर या वर्गातलं काही ठरवलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आपली ओळखच मुळी जागेवरून झाली. वर्ध्याच्या त्या कोर्सला तू समुद्रपूरहून यायचीस आणि मी हिंगणघाटहून. एकच एस्टी. हिंगणघाट स्टँडवर ती यायची तेव्हा माणसं दाराला लोंबकळायची आणि तू खिडकीजवळ महाराणीसारखी बसलेली असायचीस, शेजारच्या सीटवर तुझा दुपट्टा टाकून. "इथं माणूस हाये," असं त्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवून तू भल्याभल्यांना सांगायचीस. तेव्हा आपलं बोलणंही झालेलं नव्हतं. फक्त वर्गात एका कॉम्प्युटरवर दोघींना बसवलं होतं, एवढंच. "काऊन धरली जागा माझ्यासाठी?" मी विचारलं, तर म्हणालीस, "तू उभ्यानं आली का वर्गात झोपते. मंग सारं टायपिंग मलेच करा लागते."

त्याच आठवड्यात सरांनी बेसिक भाषेतला 'डिम' शिकवला. इंग्रजीतून शिकवला आणि सगळा वर्ग भिंतीकडे बघत बसला. तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "काही नाई वं. डिम म्हणजे दुपट्टा टाकणं. माणूस अजून आलं नाई, पण जागा त्याच्या नावानं झाली." मला खाडकन उमगलं. पुढे मी कितीतरी जणांची पुस्तकं चाळली, कोणालाही ते इतक्या थोडक्यात सांगता आलेलं नाही. ओळीने दहा जागा धरायच्या, सगळ्यांना मिळून एक नाव द्यायचं आणि प्रत्येकाला नंबराने हाक मारायची. झाला ॲरे.

आणि त्याच दिवशी पहिलं भांडण झालं. दहा जागा मागितल्या तरी बेसिक अकरा द्यायचं, कारण मोजणी शून्यापासून, शून्य ते दहा. मी म्हटलं, ही शून्याची जागा कशाला? आपण एकपासून भरू, सरळ आणि सोपं. तू म्हणालीस, "उगाच नाई ते. तीच पयली हाये." वर्ध्याहून हिंगणघाट येईपर्यंत आपण भांडलो. उतरताना मी म्हटलं, उद्या बोलू. आणि मग ते उद्या-उद्या करता करता वर्षं गेली.

आमच्या हार्डवेअरच्या दुकानावरची खोली वर्गासाठी मागायला तूच आली होतीस. सासऱ्यांसमोर मी तोंड उघडलं नसतं. तू सरळ म्हणालीस, "बाबाजी, वर खिळ्यांचे डबेच तं हायेत. ते खाली नेतो आम्ही." आणि खरंच नेलेस. मग कॉम्प्युटर आले, टेबलं आली, आणि तू पेंटरला बोलावलंस नंबर टाकायला. त्याला म्हणालीस, दारापासून सुरू कर, शून्य. तो बिचारा एक मोठा सुबक गोल काढून ब्रश हातात धरून उभाच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मॅडम, याच्यापुढं काय लिहू?" तू म्हणालीस, "काहीच नाई." तो म्हणाला, "मंग हे काढलं कायले?" मी जिन्यात जाऊन हसले.

त्या गोलाने आपल्याला कमी छळलं नाही. दुरुस्तीवाल्याला मी निरोप दिला की पाच नंबर बंद पडलाय. त्याने टेबलावरचे नंबर न बघता आपल्या सवयीने दारापासून एक, दोन करत मोजलं आणि चांगला चालता चार नंबर उघडून त्याची हाडं टेबलावर मांडली. पोरं ओरडली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या इथं मोजाचं पण शिकवत नाई काय?"

आणि वंदनाचे वडील! खताचं दुकान, मोठा आवाज. पोरीने घरी जाऊन सांगितलं असणार की मला शून्य नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी स्वारी वर हजर. "माह्या पोरीले शून्य काऊन देला? दहावीत फस कलास आली ते!" मी घाबरून तिला दुसरीकडे बसवायलाच निघाले होते. तू त्यांना खुर्ची दिलीस, पाणी दिलंस आणि म्हणालीस, "काका, हे मार्क नाईत. हे दारापासून किती खुर्च्या सरकावं लागते, ते हाये. पाच नंबरवाला पाच खुर्च्या सरकते. तुमच्या पोरीले सरकावंच लागत नाई. आली का बसली." ते विचारात पडले. मग म्हणाले, "मंग असं सांगा ना जी." आणि जाताना पोरीला दम दिला, की ही जागा सोडू नको म्हणून. तुझं ते उत्तर ऐकून मी त्या दिवशी चाट पडले होते. मलाही तेव्हाच कळलं, की नंबर म्हणजे ओळख नव्हे, अंतर. तुला मात्र सांगितलं नाही. तू चढून बसली असतीस.

हजेरीही तू शून्यापासून घ्यायचीस. "शून्य?" "हजर!" नव्या पोरांना पहिले चार दिवस हसू आवरायचं नाही.

दुसरं भांडण ॲरे आणि लिस्टचं, ते तर आपण लोणच्यासारखं मुरवलं. तुझं म्हणणं, पोट्ट्यांना आधी ॲरे शिकवा. किती जागा लागणार हे आधी डोकं चालवून ठरवू द्या. माझं म्हणणं, आम्ही दुकानदाराच्या घरची माणसं, गिऱ्हाईक किती येणार हे आधी कोणाला ठाऊक असतं? आधी लिस्ट शिकवा. येईल तो जोडत जा. तू म्हणायचीस, "मी एस्टीवाली आणि तू काळी-पिवळीवाली." काळी-पिवळी म्हणजे आपली ती वडाप जीप, जिच्यात कितीही माणसं भरली तरी ड्रायव्हर म्हणतो, "हाये ना जागा, बसा."

गंमत अशी, की ॲरेवाली तू कधी कोणाला जागा नाही म्हणून परत पाठवलं नाहीस. भर बॅचमध्ये कोणी आलं की तुझं सुरू, "सरका वं पोट्ट्यांनो, सरका." एका कॉम्प्युटरवर तीन-तीन जण. आणि लिस्टवाली मी, 'प्रवेश बंद' ही पाटी माझ्याच अक्षरात. तू मला त्यावरून किती चिडवलंस! "तुही जीप फक्त फळ्यावरच भरते काय वं?"

व्हिज्युअल बेसिक आलं तेव्हा मला वाटलं, आता मी जिंकले. त्यात 'रीडिम' म्हटलं की ॲरे वाढवता येतो. पोरांच्या आई-वडिलांना वर्ग दाखवायचा कार्यक्रम ठेवला होता आपण. मी ऐटीत प्रोग्राम केला, एकेकाचं नाव टाकत जायचं, यादी आपोआप वाढत जाईल. सगळी नावं टाकून झाली, बटण दाबलं, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत कोरं, फक्त शेवटी एकच नाव. पोरांचे बाप एकमेकांकडे बघायला लागले, की आमचा गेला कुठे? तू तोंडात दुपट्टा कोंबून हसत होतीस. मी 'रीडिम'च्या पुढे 'प्रिझर्व्ह' लिहायला विसरले होते. तो शब्द नसला की नवी जागा होते, पण आधीचं सगळं पुसून जातं. तू उठलीस, एवढा एकच शब्द लिहिलास आणि सगळी पोरं परत आली. मग सगळ्यांसमोर म्हणालीस, "आमच्या रेखा मॅडमले नवं घर बांधाची घाई, जुनं सामान आणाचं ध्यानात नाई राह्यलं." पालक हसले, मीही हसले, घरी जाऊन चिडले.

आता सांगायला हरकत नाही, त्या दिवशी तू उठून तो शब्द लिहिला नसतास तर मी दुसऱ्या दिवशी वर्गात आले नसते.

पण मला खरं बोलायचंय ते केळझरबद्दल. तू कधी विषय काढला नाहीस, मीही नाही.

पहिली बॅच पास झाली म्हणून सासूबाईंनी केळझरच्या गणपतीला गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांचा स्वयंपाक बोलला होता. जीप करून सगळे गेलो. तू मंदिरात आली नाहीस, पायऱ्यांपाशी चिंचेखाली वांगी चिरत बसलीस. सासूबाई म्हणाल्या, "ये ना वं, दर्शन घेऊन ये." तू म्हणालीस, "देव तुमचा आई, रोडगे माहे." त्या हसल्या. त्यांना तू आवडायचीसच.

पंगत बसली. एका बाजूला धर्मशाळेची भिंत, तिथपर्यंत ओळ. आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे सासूबाईंनी ओळीच्या सुरुवातीला देवाचं पान मांडलं, त्यावर सगळं वाढलं आणि ते तसंच ठेवलं. मग पोरं बसली. तू वरणाचा गंज घेऊन देवाच्या पानापुढून वाढत वाढत निघालीस आणि तोंडाने आपलं चालूच, "एक, दोन, तीन." सगळं वाढून होतंय तोवर जीपचा ड्रायव्हर आला, चाक बघायला गेला होता तो. पोरांशी त्याची गट्टी झाली होती, पोरं म्हणाली, "मधात बसा, मधात!" तुझे डोळे चमकले. गंज खाली ठेवलास. "आता पाहा. मधात एक घुसवाचा हाये. कोण पयले सरकन?" मधली दोघं लगेच उठायला लागली. "अरे थांबा! तू पयले सरकला तं बाजूवाल्याच्या पत्रावळीवर बसशीन. पयले शेवटचा सरकला पाह्यजे, मंग त्याच्या अलीकडचा, मंग त्याच्या." त्या पोरांना ॲरेमध्ये मधे घुसवणं जन्मभर विसरता येणार नाही असं तू शिकवलंस, तेही गरम वरण सांडत.

शेवटचा सरकायला गेला आणि भिंतीला टेकला. जागाच संपली होती. सगळे हसले. तू सुरुवातीच्या पानाकडे बघितलंस आणि अगदी सहज म्हणालीस, "रिकामी जागा तं हाये. इथं बसा, भाऊ."

सासूबाई म्हणाल्या, "ते देवाचं हाये, बाई."

"देव आतमधी जेवून राह्यला, आई. हा उपाशी हाये."

सासूबाई पानाजवळून हलल्या नाहीत. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "राहू द्या जी, मी मागून जेवतो," आणि जीपकडे गेला. दुसऱ्या पंगतीत तू त्याला सगळ्यांत आधी वाढलंस. रोडगे फार छान झाले होते. परतीच्या वाटेवर तू गाणीही म्हटलीस. मला वाटलं, झालं गेलं, मिटलं.

उलट मला त्यातून शिकवायला एक नामी युक्ती सापडली होती. शून्याची जागा म्हणजे देवाचं पान. ती सोडायची आणि एकपासून भरायला सुरुवात करायची. पोरांना चटकन समजायचं, आणि बेसिकमध्ये काही बिघडतही नव्हतं, कारण एक जागा जास्तीचीच मिळायची. तू तोंड वाकडं करायचीस, पण वर्ग चालू असताना काही बोलायची नाहीस.

मग बेसिकनंतर आपण सी शिकवायला घेतलं. सी कंजूष, दहा मागितल्या तर दहाच देतं, शून्य ते नऊ. माझी पोरं सवयीप्रमाणे देवाचं पान सोडून एकपासून बसवत गेली आणि दहावा बसवायला गेली. प्रोग्राम कधी चालायचा, कधी भलतंच काही दाखवायचा. मला चूक सापडेना. चार वेळा मी ओळी वाचल्या. तू मागून आलीस, पडद्यावर बोट ठेवलंस. "हा पाहा तुहा शेवटचा. पंगतीच्या बाहेर बसला."

मी म्हटलं, असं कसं? जागा दहा, पोरं दहा.

"जागा दहा, पण पयली तू रिकामी ठेवली ना वं. एक जागा उगाच रिकामी ठेवली का शेवटी कोणतरी बाहेर जाते." आणि मग सेमिकोलन राहिला असं सांगावं तशाच आवाजात म्हणालीस, "माह्या आजोबाले लग्नाच्या पंगती उठल्यावर वाढत. दूर, आंगनाच्या बाहेर. आईनं सांगतलं मले." आणि पुढच्या कॉम्प्युटरकडे गेलीस.

माझ्या हातात खडू होता. मला केळझरची ती भिंत आठवली, तो ड्रायव्हर आठवला, आणि तू पायऱ्यांपाशी वांगी चिरत बसलेली आठवलीस. दुसऱ्या दिवसापासून मी देवाचं पान शिकवणं बंद केलं. तू ते पाहिलंस. दुपारी डब्यातला ठेचा मला जास्त वाढलास. आपल्यात माफी आणि आभार दोन्ही ठेच्यातूनच चालायचे.

लिस्टचं भांडण मात्र तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. जावा भाषा आली, तिच्यात तयार लिस्ट आली, हवी तेवढी वाढणारी. मी म्हटलं, आता बोल! तू दोन दिवस कुठलंसं जाडजूड पुस्तक वाचत बसलीस आणि मग विजयी चेहऱ्याने आलीस. "तुह्या जीपच्या पोटात एस्टीच हाये वं! आतमधी ॲरेच ठेवला हाये त्यायनं. भरला का मोठा आणते आन् सारे उतरवून त्याच्यात बसवते." मी म्हटलं, असेना का, पोट्ट्यांना ते दिसतं का? बसणाऱ्याला जागा मिळाल्याशी मतलब. तू म्हणालीस, "सारे उतरवून बसवणाऱ्याची मेहनत कोणाले तरी दिसली पाह्यजे." त्यावर मला उत्तर सापडलं होतं. नंतर, घरी गेल्यावर. आता ते तुला कसं सांगू?

शेवटच्या भेटीतही तेच. समुद्रपूरला तुझ्या अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकलेली, तुझी आई पाय दाबत बसलेली. तू अशी वाळून गेली होतीस की मला बघवत नव्हतं, आणि बोलत होतीस ती उन्हाळी बॅचबद्दल. "पयले ॲरे शिकवजो." मी म्हटलं, लिस्ट शिकवणार. "मंग येतो मी तिथं, पाह्यतो कशी शिकवते तं." तुझी आई म्हणाली, "आता तरी भांडू नका वं पोरीहो." आपण दोघी हसलो. निघताना तू म्हणालीस, "येजो." मी म्हटलं, रविवारी येते. रविवारी आलेच, पण तेव्हा अंगणात माणसं होती.

वंदना आली होती त्या दिवशी, पुण्याहून. नोकरीला आहे, तुला ठाऊकच आहे. वंदना सुरू व्हायच्या आधी ती तुझ्या उशापाशी वाकली. म्हणजे बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी. बघ, तुला लिहितानाही माझा गोंधळ होतो आणि तू हसतेस. ती वाकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, शून्य हजर." माझ्याशिवाय कोणाला ते ऐकू गेलं नसावं. मी तोवर धीर धरून होते. मग नाही धरवला.

एवढं लिहून झालं आणि माझं मलाच दिसलं, आम्ही काय करून ठेवलंय ते. तुझं देवाचं पान केलंय. खोळ काय, फूल काय! ओळीतली पहिली जागा मानाने रिकामी ठेवली आणि शेवटी अल्लीपूरची पोरगी बाहेर. तू असतीस तर खोळ ओढून माझ्या अंगावर फेकली असतीस. सासूबाईंना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "केळझरले त्या पोराले बसू द्याले पाह्यजे होतं मी. तिच्या जागेवर बसव त्या पोरीले." इतकी वर्षं त्यांच्या मनात ते होतं, हे तुला कळायला हवं होतं गं.

अल्लीपूरला निरोप पाठवायचा तर माझ्याकडे ना पत्ता, ना फोन. रविवार त्या विचारात गेला.

आता सोमवारची संध्याकाळ आहे. सांगते.

वर्ग भरला होता. मी ॲरे शिकवायला उभी राहिले. हो, ॲरेच. तू जिंकलीस, आता पुरे. लिस्ट पुढच्या आठवड्यात घेईन आणि तेव्हा माझं ते घरी सुचलेलं उत्तर फळ्यावर लिहीन. पाह्यतो म्हणाली होतीस, तर पाहा. माझा दुपट्टा काढून शून्य नंबरच्या खुर्चीवर टाकला आणि म्हटलं, इथे माणूस आहे. पोरांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तेवढ्यात दारात अश्विनी. एकटीच आली होती, उन्हाने लाल झालेली. म्हणाली, "मॅडम, कोणी आलं नसन तं... नाई तं मी उभ्यानं ऐकतो."

जुनी पोरं तुझीच. कोणी काही सांगायच्या आत खुर्च्या खरखरायला लागल्या. "सरका बे, सरका." मी म्हटलं, "कोणी सरकू नका." शून्य नंबरवरची खोळ काढली, खुर्चीवरचा दुपट्टा उचलला. फूल उचलून खिडकीत ठेवलं. तिला म्हटलं, बस. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, तुझ्या खुर्चीवर, आणि दप्तर मांडीवरच धरून ठेवलं.

मी हजेरी घ्यायला लागले.

"शून्य?"

अश्विनीने इकडेतिकडे पाहिलं, मग टेबलावरचा पेंटरचा तो मोठा गोल पाहिला.

"शून्य म्हणजे मी काय, मॅडम? मले शून्य काऊन?"

"तुले सरकावं लागत नाई म्हणून."

तिला काय समजलं कोण जाणे. दप्तर खाली ठेवलं, मागे टेकून नीट बसली आणि म्हणाली, "हजर."